काळ्याचे दहा दिवस

काळ्यानं मला चावलं हे घरात सांगायचं नाही, असं मी ठरवलं तेव्हा माझ्या मांडीवरून रक्ताचा ओघळ गुडघ्यापर्यंत आला होता. न्हाणीच्या मागे कढीपत्त्याच्या झाडाखाली मी बसले होते आणि काळ्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याच्या फाटक्या कानाला हळद-तेल लावत होते. तीन आठवड्यांपूर्वी तो कुठूनशी मारामारी करून आला होता आणि कानाची जखम काही केल्या भरत नव्हती. माझं बोट जरा जोरात लागलं असेल. त्यानं मान वळवली आणि परकरावरूनच खच्चकन दात रोवले. लगेच सोडलंही. मग माझ्याकडे असा पाहत राहिला, की चूक त्याची की माझी, हे दोघांनाही कळेना. मी बारा वर्षांची होते. रडू अगदी तोंडाशी आलं होतं, पण गिळलं. चार पावलांवर स्वयंपाकघरात आई लाखोळीच्या डाळीचे वडे तळत होती, आणि झाऱ्याचा आवाज थांबला की तिचे कान इकडेच असत.

मला मरणाची भीती वाटली का? खरं सांगते, त्या घटकेला नाही. भीती वाटली ती काळ्यासाठी. त्याच सकाळी मुनादीवाला डफली बडवत आमच्या गल्लीतून गेला होता. "सुनो, सुनो! पागल कुत्ता मारा गया है! अपने-अपने कुत्ते बाँधकर रखो! जिस-जिसके कुत्ते को उसने काटा हो, खबर करो!" खबर केली की काय होतं, ते गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दोन माणसं लाठ्या घेऊन येत. आदल्या वर्षी गवळ्याची कुत्री त्यांनी त्याच्याच अंगणात मारली होती आणि तिचा आवाज मी पांघरुणात तोंड घालूनही ऐकला होता. मी पाय न्हाणीत धुतला, कपडे धुवायच्या साबणाचा तुकडा जखमेवर फिरवला, आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधली आणि वडे खायला जाऊन बसले. चांगले पाच खाल्ले. कमी खाल्ले असते तर आईला संशय आला असता.

काळ्या आमच्याकडे आला तो तिरोडीहून. माझा मामा तिथल्या मँगनीजच्या खाणीत कामाला होता. आई माहेरहून बसनं परतली तेव्हा तिच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती, पिशवीत आवळ्याच्या लोणच्याची बरणी आणि बरणीला टेकून झोपलेलं हे पिल्लू. कोळशासारखं काळं, म्हणून नाव काळ्या. दुसऱ्या दिवशी मी त्याला बादलीत उभं करून साबण लावला, तर पाणी काळं झालं आणि कुत्रा बदामी निघाला! सगळी खाणीची धूळ होती ती. पण तोवर नाव तोंडात बसलं होतं. कुणी विचारलं, "याले काळ्या काहून म्हणता जी?" तर बाबा अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगत, "एकदा कागदावर चढलं का सरकारी नाव बदलत नाई." बाबा वनखात्यात नकाशे काढत. घरीसुद्धा त्यांच्या पाटावर जंगलाच्या हद्दी आखलेला कागद पसरलेला असे आणि त्यांच्या बोटांना कायम शाईचा वास येई.

काळ्या येण्याआधी आमच्या घरात दीड वर्षं अबोला होता. आई मॅट्रिक झालेली. बिरसाकडच्या एका शाळेत तिला मास्तरीणबाईची नोकरी लागत होती, आणि बाबांनी "जंगलात एकटी कुठी राह्यशीन" म्हणून तिला न विचारताच नकार कळवून टाकला होता. त्या दिवसापासून आई बाबांशी एक शब्द बोलली नाही. भांडण नाही, आदळआपट नाही, ताटात कमी-जास्त नाही. फक्त शब्द बंद. सगळी ने-आण माझ्या तोंडून चाले. "मंदे, सांग बाबाले, दळण सरलं." "मंदे, आईले विचार, छत्री कुठी ठेवली." दोघंही चार हातांवर बसलेली असत आणि मी मध्ये पोस्टमन. मला त्या घराचा इतका कंटाळा आला होता, की मी शाळेतून मुद्दाम सावकाश येई. मैत्रीण म्हणावी अशी कुणी नव्हती. लाकडाच्या टालाजवळची गल्ली ओलांडायला भीती वाटे म्हणून मी लांबचा वळसा घेई, आणि ही गोष्टही घरात कुणाला माहीत नव्हती.

पिल्लू आलं आणि आईला माझ्यापेक्षा चांगला पोस्टमन मिळाला. "काळ्या, विचार तुह्या मालकाले, भाजी कोणती करू म्हणते." आतून, पाटावरून मान न उचलता बाबांचा आवाज येई, "काळ्या, वांगे कर म्हणा. आन तिखट जरा कमी टाकजो म्हणा." काळ्या एकदा इकडे बघे, एकदा तिकडे, आणि शेपटीनं जमीन झाडी. एकदा आई त्याला म्हणाली, "काळ्या, तुह्या मालकाले सांग, लोकाच्या नोकऱ्या मोडाले जेवढी अक्कल लागते तेवढीच मीठ आणाले लागते, मीठ सरलं." बाबा खो-खो हसले. दीड वर्षात मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. आई हसली नाही, पण पदर तोंडाला लावून आत गेली आणि तिचे खांदे हलत होते ते मी पाहिलं. बाबांची सायकल कोपऱ्यावर वळायच्या आधीच काळ्याचे कान उभे राहत, आणि ते कान पाहून आई चहाचं आधण ठेवी. बाबांना वाटे, हिला माझी वेळ बरोबर कळते. मला टालाची गल्ली ओलांडता येऊ लागली. मग नदीपर्यंत जाता येऊ लागलं. वैनगंगेच्या वाळूत मी धावे आणि काळ्या माझ्याभोवती गोल गोल धावे. मला पहिल्यांदाच वाटलं, की या जगात कुणीतरी माझीच वाट बघतं.

माझी नात पुण्याला असते. परवा तिनं फोनवर एक लेख पाठवला, कुत्रा पाळण्याचे फायदे. रक्तदाब उतरतो, माणसाचं एकटेपण जातं, व्यायाम होतो. खाली विचारलं होतं, "आजी, घेऊ का?" मी लिहिलं, घे बाई, सगळं खरं आहे, पण आधी त्याच्या सुया टोचून घे आणि चावलाच तर साबणानं धू आणि सरळ दवाखान्यात जा. रक्तदाबाचं मात्र मला विचारू नकोस. त्या चार दिवसांत माझं रक्त कुठं होतं, ते माझं मला ठाऊक नाही.

आमच्या भागात कुत्रा चावला की सात विहिरी झाकतात. झाकणं म्हणजे वाकून आत बघणं. सात वेगवेगळ्या विहिरी, प्रत्येकीच्या पाण्यात स्वतःचं तोंड बघायचं, मनात आकडा म्हणायचा आणि मागे वळून न बघता निघायचं. विष पाण्यात उतरतं म्हणत. शेजारच्या पटले काकू हे इतक्या ठामपणे सांगत, की जणू औषधाच्या बाटलीवरच लिहिलेलं आहे. "सात कुएँ झाँक लो बाई, फिर डॉक्टर-फॉक्टर की क्या जरूरत?" मला दुसरं काय सुचणार? दवाखान्यात गेलं तर काळ्या जातो. विहिरींना कुणी विचारत नाही की कोणाचा कुत्रा.

गुरुवारी सकाळी पहिली झाकली ती पटले काकूंचीच. त्या तांदूळ पाखडत होत्या. "क्या देख रही है मंदा?" मी म्हटलं, कासव. त्या म्हणाल्या, हमारे कुएँ में कछुआ कब से? मी मागे न बघता निघाले. दुसरी देवळाची. शुक्रवारी शाळेची, तिच्यावर लोखंडी जाळी होती आणि तोंडाचे चौकोनी तुकडे दिसले. हे चालतं का, हे विचारायला कुणी नव्हतं. चौथी टालाच्या मागची. शनिवारी बंद पडलेल्या धान-मिलची आणि नदीच्या वाटेवरच्या पेरूच्या बागेतली. तिथं माळी ओरडत मागे लागला, त्याला वाटलं पेरू चोरते आहे. अशा सहा झाल्या. सातवी मिळेना. उरलेल्या गल्ल्यांमध्ये हातपंप आणि नळ होते.

घरात माझं एकच काम होतं, काळ्या पाणी पितो का ते बघणं. पिसाळलेला कुत्रा पाण्याला भितो एवढंच मला माहीत होतं. त्याला मी कपडे वाळवायच्या दोरीनं मागच्या खुंटीला बांधून ठेवलं आणि आईला सांगितलं, मुनादीवाल्यानं बांधायला सांगितलंय. खोटं नव्हतं ते. शाळेतून धावत येई, दप्तर टाके आणि त्याचा डबा भरे. तो लपलप पाणी पिई आणि मी उभ्या उभ्या देवाला हात जोडी. मांडी ठणकत होती. चिंधी सोडायची हिंमत नव्हती. एकदा वर्गात बाईंच्या पेल्यातलं पाणी पाहिलं आणि मला वाटलं, मलाच त्याची भीती वाटतेय. मी डबा खायच्या सुट्टीत तीन पेले पाणी प्यायले, फक्त पिता येतं हे बघायला.

रविवारी हट्ट्याला बाबांच्या एका सोबत्याच्या मुलीचं साक्षगंध होतं. हट्टा म्हटल्यावर माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली, तिथली जुनी बावडी. ती विहीरच की. बसमध्ये मी मनात घोकत होते, सातवी, सातवी. मांडवात पाहुणे पानाला बसायच्या गडबडीत होते, आई बायकांत होती, मी हळूच निसटले.

बावडीत वरून पाणी दिसत नाही. पायऱ्या उतरून खाली खाली जावं लागतं. दोन्ही बाजूंना दगडी ओवऱ्या, आत अंधार, बाहेर कडक ऊन आणि खाली थंडगार. प्रत्येक पायरीला मांडी ओढली जात होती. शेवटच्या कोरड्या पायरीवर मी गुडघे टेकले आणि वाकले. पाणी हिरवं होतं. बराच वेळ तोंडच दिसेना. मग दिसलं. मी मोठ्यानं म्हटलं, "सात." आणि पाण्यात माझ्या तोंडामागे बाबांचं तोंड दिसलं.

"मंदे." त्यांचा आवाज अगदी हळू होता. "सात का?"

मी मागे वळले नाही. वळायचं नसतं ना.

"कोण चावला तुले?"

त्यांना दुसरं काही विचारावंच लागलं नाही. आमच्या भागातल्या कुणालाही लागलं नसतं. मी म्हटलं, "काळ्या." "कवा?" "बुधवारी." "कुठी?" मी परकर वर करून चिंधी दाखवली. बाबा पायरीवर बसले. मला वाटलं, आता मारतील. ते पाण्याकडे बघत म्हणाले, "मीबी झाकल्या होत्या सात. तुह्यापेक्षा लहान होतो. माह्यासंगं आमच्या गल्लीतला गणपत. एकच कुत्रा चावला होता दोघाले. दोघं हात धरून झाकलो. मी वाचलो." गणपतचं काय झालं ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मला उचलून खांद्यावर टाकलं आणि एवढ्या पायऱ्या ते एका दमात चढले. त्यांचा श्वास माझ्या पोटाला लागत होता.

मांडवात ते सरळ बायकांच्या पंगतीत शिरले. तिथं पुरुष कुणी जात नसे. "सुशीला!" त्यांनी आईला नावानं हाक मारली. चारचौघांत नवऱ्यानं बायकोला नावानं हाक मारायची तेव्हा पद्धत नव्हती. हातातले घास हातातच राहिले. आई उभी राहिली. "पोरीले कुत्रा चावला. चार दिवस झाले. चाल." आणि आईनं अडीच वर्षांनंतर बाबांना उत्तर दिलं. "कोणता कुत्रा?" बसमध्ये ती माझा हात इतका घट्ट धरून बसली, की माझी बोटं बधिर झाली. एकदाच बोलली. "घरी गेल्याबरोबर मारून टाका त्याले."

दवाखान्यातले डॉक्टर म्हातारे होते. जखम बघून त्यांनी चष्मा काढला. "चार दिन से कुएँ झाँक रही थी? बेटा, कुएँ में क्या है? मेंढक है." मग बाबांकडे वळले. पोटात रोज एक सुई, चौदा दिवस. "कुत्ता जिंदा है?" बाबा म्हणाले, आहे. "तो मारना मत. बाँधो, और देखते रहो. काटने के दिन से दस दिन कुत्ता भला-चंगा रहा, तो समझो लड़की को कुछ नहीं, सुई भी बंद. खाना-पानी छोड़ दे, लार टपके, मर जाए, तो..." पहिली सुई टोचली तेव्हा मी ओरडले नाही. आई ओरडली.

घराशी येतो तो फाटकात माणसं. बातमी आमच्या आधी पोचली होती. पटले काका आणि आणखी तिघं, हातात लाठ्या. मागच्या अंगणातून काळ्याचं भुंकणं येत होतं, त्याला बाबांची चाहूल लागली होती. पटले काका म्हणाले, "भाऊसाहेब, आप हटो, हम निपटा देते हैं." आणि माझी आई, जी तासाभरापूर्वी मारून टाका म्हणत होती, ती फाटकाला पाठ लावून उभी राहिली. "हात नका लावू त्याले. माह्या पोरीचा जीव आहे तो." ती मराठीत बोलली तरी सगळ्यांना समजलं.

बाबांनी दोरी सोडवून बाजारातून साखळी आणली. साखळी मोजली, त्यावर एक हात वाढवला, आणि खुंटीला सुतळी बांधून अंगणात चुन्याचा गोल आखला. अगदी नकाशात आखत तसा, एक थेंब इकडे-तिकडे नाही. "याच्या आत कोणी पाय ठेवायचा नाई," ते म्हणाले. भाताचं ताट आणि पाण्याचा डबा ते लांब बांबूनं आत ढकलत. मला मागच्या दाराशीसुद्धा जायला बंदी होती, कारण मी दिसले की काळ्या साखळीला हिसके देई. मी स्वयंपाकघराच्या गजांतून एका डोळ्यानं बघे. तो मान खाली घालून बसलेला असे. उभ्या जन्मात त्याला असं कुणी दूर लोटलं नव्हतं.

रविवार, सोमवार तो थोडंथोडं खात होता. मंगळवारी त्यानं ताटाला तोंड लावलं नाही. पाण्यालाही नाही. बाबांनी बांबूनं डबा जवळ सरकवला तर तो गुरगुरला. बाबा ऑफिसला गेलेच नाहीत. संध्याकाळपर्यंत पायरीवर बसून राहिले. डबा भरलेला तसाच. आमच्या घरात इतकी शांतता अबोल्याच्या दिवसांतही नव्हती. आता दोघं एकमेकांशी बोलत होती, पण बोलण्यासारखं एकच होतं आणि ते कुणी बोलत नव्हतं. माझ्या पोटावर तीन सुयांच्या गाठी आल्या होत्या. आईनं त्या शेकल्या आणि मला जवळ घेऊन माझे केस विंचरत बसली, जरा जास्तच वेळ.

बुधवारी दुपारी बाबांना साहेबांनी बोलावणं धाडलं म्हणून तासभर जावं लागलं. काळ्या कुशीवर पडला होता, जीभ बाहेर, डोळे अर्धे मिटलेले. डब्यातल्या पाण्यावर कढीपत्त्याची पानं पडली होती. मी गजांना धरून उभी होते. मागून आईनं चुलीवरचं पातेलं उतरवलं. गोळाभात केला होता तिनं, आणि घरातले चिन्नोर तांदूळ वापरले होते, जे फक्त पाहुण्यांसाठी असत. सगळ्या घरात त्याचा वास भरला होता. तिनं भात वाटीत घेतला, पदर कमरेला खोचला आणि मागचं दार उघडलं.

मला वाटलं, ती बांबू उचलेल. तिनं उचलला नाही. चुन्याच्या रेघेशी ती थांबली. नुसती थांबली, पायाच्या बोटांवर चुना लागला तरी. मग आत गेली. मी "आई!" म्हणून ओरडले. तिनं न बघता हात मागे करून मला गप्प केलं. काळ्यानं डोकं उचललं. आई त्याच्यासमोर उकिडवी बसली. ही माझी आई, जिनं काळ्याला कधी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू दिला नाही, त्याचा चुकून स्पर्श झाला तर कोपरापर्यंत हात धुणारी. तिनं भाताचा घास केला आणि उघड्या तळहातावर त्याच्या नाकासमोर धरला. काळ्याचा वरचा ओठ जरासा वर गेला. दात दिसले. आईचा हात हलला नाही. "खाय," ती म्हणाली. "खाय रे. का करतं ते कर."

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. चुलीत लाकूड तडकलं तेवढं आठवतं. मग काळ्यानं मान पुढे केली, हुंगला, आणि जीभ बाहेर काढून भाताचं एक एक शीत तिच्या हातावरून उचललं. दुसरा घास. तिसरा. वाटी संपली. आईनं डब्यातली पानं काढून फेकली, ओंजळीत पाणी घेतलं आणि धरलं. तो प्यायला. लपलप आवाज मला गजांपर्यंत ऐकू आला. आई तिथंच बसून रडली, आणि तो रडणं बघून तिचं तोंड चाटायला गेला तर तिनं त्याच्या कानाखाली एक हलकीशी ठेवून दिली. "हौ, हौ. आता लाडात येऊ नको." रुसला होता मेला! बांबूनं ढकललेलं अन्न त्याला खायचं नव्हतं, एवढंच.

शनिवारी दहा दिवस भरले. डॉक्टर म्हणाले, बस, अब नहीं लगेगी. बाबांनी परतीच्या वाटेवर जनावरांच्या डॉक्टरांना घरी आणलं आणि काळ्यालाही सुया सुरू केल्या. त्या माणसाला चावायला काळ्या अजिबात कचरला नाही. साखळी सोडली तेव्हा त्यानं आधी चुन्याच्या गोलाभोवती हुंगत एक फेरी मारली, एका ठिकाणी पाय वर केला, आणि मग माझ्यावर असा आदळला, की मी सुयांच्या गाठींवरच पालथी पडले. इतकं दुखलं आणि इतकी हसले, असं पुन्हा झालं नाही. तो पुढं अकरा वर्षं जगला. माझ्या लग्नात मांडवाच्या दाराशी बसून त्यानं वऱ्हाड्यांना अडवलं होतं. त्याच्यानंतर मी पाच कुत्री पाळली. कुत्र्याशिवाय घर मला घर वाटत नाही आणि तसं म्हणायला मला लाजही वाटत नाही.

ही गोष्ट मी जन्मभर सांगत आले. शेवट नेहमी एकच. माझ्या आईचा त्या मुक्या जनावरावर असा विश्वास, की सगळं गाव लाठ्या घेऊन उभं असताना तिनं त्याच्या तोंडाशी हात धरला. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येत आणि मलाही सांगताना बरं वाटे. आई ऐंशीच्या पुढं गेली होती तेव्हा असंच एकदा समोरच्या सूनबाई कुत्रा घ्यावा का म्हणून विचारायला आल्या आणि मी त्यांना सगळं रंगवून सांगितलं. आई ओसरीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. त्या जाईपर्यंत गप्प राहिली.

"काहून खोटं सांगतं लोकाले?" ती म्हणाली.

"का खोटं?"

"इस्वास-बिस्वास काही नोता मले. मले पक्कं वाटलं होतं का तो पिसाळला." तिनं एक शेंग मोडली, दाणे काढले, टरफल बाजूला टाकलं. "म्हटलं, पोरगी जाईन तर मी मांगं राहून का करू? म्हणून हात देल्ला. चाव म्हटलं, मलेबी चाव."

मी तिच्यापुढची एक शेंग उचलली. विचारलं, "मग?"

"मंग का," आई म्हणाली. "चाटला न मेल्यानं."